आंदणाची गादी

आमच्या लग्नात सासऱ्यांनी आंदणात दिलेली गादी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत शिरली, तेव्हा लोकांना वाटलं की बैलगाडीत कोणी हत्ती निजवून आणला आहे आणि वरून पट्ट्यापट्ट्यांचं कापड पांघरलं आहे. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. तिचं म्हणणं निम्मं खरं धरा, हत्तीचं पिल्लू असेल. पण गादी जिन्यातून वर जाईना, हे मात्र सगळ्या गल्लीने पाहिलेलं आहे. आमचा जिना असा अरुंद की पाहुणा जेवून उतरायला लागला की त्याला पोट आत घ्यायला सांगावं लागे. शेवटी गादीला दोर बांधले आणि सज्ज्यातून तिला वर ओढून घेतलं. वर आम्ही चौघं घामाघूम, खाली अर्धी गल्ली सल्ले देत उभी आणि मध्ये ती लोंबकळते आहे. समोरच्या पानवाल्याचा त्या दिवशी जो धंदा झाला, तो पुढे दिवाळीतही झाला नाही.

गादी पलंगावर टाकली तेव्हा पलंग एकदाच कण्हला, मग जन्मभर बोलला नाही. चढायला स्टूल लागे. पहिल्यांदा मी स्टुलावर उभा राहून वर गेलो तर छताच्या पंख्याचं पातं माझ्या केसांत भांग पाडून गेलं. आज माझ्या डोक्यावर जे मोकळं मैदान दिसतं, त्याचा उगम तिथे आहे.

कापूस मऊ असतो असं शाळेत शिकवतात. एका खोळीत मावेल त्याच्या दुप्पट कापूस कोंबून पाहा, मग कळतं. गादीच्या मधोमध बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा होता आणि दोन्ही बाजूंना उतार. नव्या नवरा-बायकोने त्यावर झोपायचं म्हणजे कौलारू छपराच्या दोन उतरणींवर झोपायचं. ती तिकडे घसरे, मी इकडे. बोलायचं झालं तर मधल्या डोंगरावरून हाक मारावी लागे. महिनाभरात आम्ही दोघं मुकाट्याने खाली उतरलो, जमिनीवर सतरंजी आणि दोन गोधड्या टाकल्या आणि वर पलंगावर ती गादी चादर-उशांसह देवासारखी मांडून ठेवली.

सासरे वर्ध्याकडच्या एका खेड्यातले, कापसाचे शेतकरी. उंच, सावळे, बोलणं मोजकं. लग्नाच्या आधीच्याच पावसाळ्यात माझ्या सासूबाई वारल्या होत्या. ही एकुलती एक लेक. तेव्हा आंदणाची गादी सासऱ्यांनी स्वतः समोर बसून भरवून घेतली होती. पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र कापूस बाजूला काढला, जिनिंगच्या कारखान्यात नेऊन त्याची सरकी काढली आणि ती रुई घरी आणून पिंजाऱ्याला बसवला. बाजारात त्यांनी तो कापूस जाऊच दिला नाही.

दर दोन-तीन महिन्यांनी ते नागपूरला सकाळी येत आणि संध्याकाळी परत जात. लेकीच्या घरचं फुकट खायचं नाही म्हणून येताना स्वतःच्या वाट्याची ज्वारी आणि तुरीची डाळ खांद्यावरून आणत. पाणी प्यायच्या आधी पलंगाजवळ जात, गादीवर तळवा दाबून पाहत आणि विचारत, "झोप लागते ना बाई?"

"लय छान लागते, बाबा," ही म्हणे.

मी त्या वेळी खिडकीतून बाहेर पाही. बाहेर पाहण्यासारखं काही नसे.

असंच चाललं असतं, पण नळ खाली अंगणात आणि आम्ही वर. भरली घागर घेऊन जिना चढताना एक दिवस हिच्या कमरेत जी चमक भरली, ती काही केल्या जाईना. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कमरेला आराम हवा, जमिनीवर झोपणं बंद करा, आणि गादी घ्या ती सपाट घ्या, फार मऊ नको, फार कडक नको. सांगायला सोपं आहे. ही जमिनीवर झोपली की कंबर दुखे, डोंगरावर झोपली की घसरे, आणि झोप अशी नाहीच. मग झोप तिला भलत्या जागी गाठू लागली. पोळी तव्यावर आणि ही झोपेत. एकदा भाजीवाल्याशी घासाघीस करता करता उभ्या उभ्या डोळे मिटले. तो बिचारा समजला की बाई रागावल्या, आणि भाव खाली आणत राहिला. त्या दिवशी आम्हाला वांगी जवळजवळ फुकट पडली. ऐकायला गंमत वाटते. पण तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती आणि हसताना ती कमरेवर हात धरू लागली होती.

तेव्हा मी गाद्यांच्या शोधाला निघालो. सीताबर्डीच्या एका दुकानात तेव्हा नव्याने फोमच्या गाद्या आल्या होत्या. बसून पाहिलं तर ती गादी मला गिळायला लागली, दुकानदाराने दोन्ही हात धरून बाहेर ओढलं. कचेरीतल्या एका सोबत्याने काथ्याची गादी घेतली होती. तिच्यावर दुपारभर पडून पाहिलं. उठलो तर पाठीवर अशी नक्षी उमटली होती की त्याच्या बायकोने ती पाहून रांगोळी काढली. एकाने सांगितलं, नुसत्या तखतावर झोपा, लाकडावर. त्याची स्वतःची मान वाकडी होती, म्हणून मी तो सल्ला घेतला नाही. शेवटी एक साधी कापसाची गादी पसंत केली, सपाट, अगदी डॉक्टरांनी सांगितली तशी, आणि बायकोला येऊन सांगितलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं बरोबर हाय. पण बाबा आले अन् पलंगावर दुसरीच गादी दिसली, तं?"

मी म्हटलं, मग याच गादीतला थोडा कापूस काढू, कोणाला कळतंय.

"त्याईले कळन. हात लावून पाहतेत ना ते." तिने गादीवरची चादर सारखी केली. "माय गेल्यावर त्याईनं सोताच्या हातानं ते गादी भरवून घेतली. आता मी कोन्या तोंडानं सांगू, का तुमची गादी माह्या कामाची नाई? तुम्ही बी सांगायचं नाई. माही शपथ हाय."

झालं. शपथ घातली की मी बांधला गेलो. तशी मी आयुष्यात कित्येक शपथा घेतल्या आहेत, पण तिची मोडायची हिंमत आजही नाही.

त्या हिवाळ्यात सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि ते ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत आणि रोग्याला कित्येक दिवस उताणं, न हलता पडून राहावं लागे. मान वळवायची नाही, कूस बदलायची नाही. आता अशा माणसाला झोपवायचं कुठे? बायकोने सांगून टाकलं की बाबा गादीवर झोपतील. जमिनीवर झोपवलं तर ते विचारणार, पलंग रिकामा काहून? मी त्या डोंगराकडे पाहिलं आणि डोळ्यांना पट्ट्या बांधलेला म्हातारा त्यावरून घरंगळताना मला आत्ताच दिसू लागला.

ऑपरेशनला अजून अवकाश होता. पहिल्या रात्री त्यांना स्टुलावरून वर चढवलं. पहाटे नळाला पाणी यायच्या वेळी मला जाग आली. पाहतो तर सासरे खाली, भिंतीला टेकून, उपरणं अंगाभोवती घेऊन फरशीवर बसलेले. टक्क जागे. मी लगेच डोळे मिटले. ही उठायची चाहूल लागली तशी म्हातारा चोरासारखा स्टुलावर चढला, वर गेला आणि तोंडावर चादर घेऊन घोरू लागला. इतकं खोटं घोरणं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि या विषयात माझा अधिकार आहे.

"कशी झोप लागली, बाबा?" हिने चहा देताना विचारलं.

"राजासारखी," ते म्हणाले.

त्याच सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो. सायकलरिक्षात आम्ही दोघंच. गल्ली संपून रस्ता लागला तसे ते समोर पाहत म्हणाले, "जवाईबापू, एक गोष्ट विचारतो. खरं सांगजा. तुम्ही दोघं त्या गादीवर निजता का?"

माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती, एकाहून एक सरस. पण त्यांच्या डोळ्यातला तो दुधासारखा पडदा माझ्या इतका जवळ होता की एकही बाहेर पडेना. शपथ सांगायची नाही अशी होती. विचारल्यावर खोटं बोलायची नव्हती, असं मी मनात ठरवलं आणि म्हटलं, "नाही, मामाजी."

"मले वाटलंच."

रिक्षा बरीच पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले. "पिंजारी मले म्हने, पाटील, आता पुरे. मी म्हटलं, टाक. त्यानं टाकला. पुन्हा म्हने, पुरे. मी म्हटलं, अजून टाक. आता मले काय मालूम, किती टाकाचा असते ते. जिंदगीभर कापूस पिकवला, पण गादी भरतानी तिची मायच जवळ बसे. हात ठेवून सांगे, का बस्स. तवा ती नव्हती. मले बस्स म्हननारं कोनीच नव्हतं."

मी काही बोललो नाही. मी काही बोललो नाही हे वाक्य माझ्या तोंडी फार वेळा आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

"बाईले सांगू नका," ते म्हणाले. "तिले लय आवडते ते गादी. तिचं मन मोडन."

आता पाहा माझी अवस्था. लेक बापाला सांगू देत नाही, बाप लेकीला सांगू देत नाही, दोघंही रात्रभर जागे, आणि मध्ये मी. डॉक्टरांनी डोळा तपासला, दोन दिवसांनी ऑपरेशनला या म्हणाले आणि बजावलं की नंतर अगदी सपाट झोपायचं, हलायचं नाही. डॉक्टर एवढंच बोलले. बाकीचं मी घरी येईपर्यंत रिक्षात तयार केलं.

घरी पोचताच बायकोला सांगितलं की डॉक्टरांनी पलंगाची उंची विचारली. मी हात वर करून दाखवली तर त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत बसून नर्सकडे पाणी मागितलं. म्हणाले, असा एक रोगी होता, उंच गादीवरून घसरला तो जिन्याने घरंगळत थेट फाटकापर्यंत गेला, डोळा अजून सापडला नाही. म्हणून सक्त ताकीद दिली आहे. गादी वीतभर उंच, जास्त नाही. कापूस नव्याने पिंजलेला आणि सगळीकडे सारखा.

सांगून झाल्यावर मी घाबरलो. कारण सासरे शेजारीच उभे होते आणि ते सरळ माणूस. पण ते टोपी खुंटीला अडकवत शांतपणे म्हणाले, "हो, मी होतो ना तिथी. वीतभर म्हनजे वीतभर, असं बोलले. बोटं लावून दाखवलं त्याईनं."

ही माझ्याकडे पाहत राहिली. मग बापाकडे. "आता डॉक्टरच म्हनतेत तं काय करता," ती म्हणाली आणि पदर खोचून पिंजाऱ्याला निरोप धाडायला गेली. आपली थाप पचली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी गादी आली त्याच वाटेने, दोरांनी सज्ज्यातून खाली अंगणात उतरली. खोळ उसवली तेव्हा कापूस जो बाहेर यायला लागला तो थांबेना. अंगण भरलं, ओटा भरला, घरमालकाची बकरी त्यात हरवली ती संध्याकाळीच सापडली. पिंजारी आपलं धनुष्यासारखं पिंजण टणत्कारत होता, रुई उडत होती, आणि सासऱ्यांना आम्ही डोळ्यांत तूस जाऊ नये म्हणून डोक्याला उपरणं गुंडाळून लांब कडुलिंबाखाली बसवलं होतं. भरायची वेळ आली तेव्हा मात्र ते उठून जवळ आले. पिंजाऱ्याने खोळीत रुईचे थर सारखे घातले, हात थांबवला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"टाक अजू..." सासऱ्यांच्या तोंडून निघालं, आणि ते तिथेच अडखळले.

ही त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती. तिने पुढे होऊन रुईवर तळवा ठेवला, दाबला, सोडला आणि रुई कशी वर येते ते पाहिलं. म्हणाली, "बस्स, बाबा."

म्हातारा तिच्या हाताकडे पाहत राहिला. मग पिंजाऱ्यावर उगीचच खेकसला, "बस्स म्हटलं ना तिनं, ऐकू नाई आलं का तुले?"

तोंड शिवून झालं, दाभणाने टाके घालून झाले, तरी अंगणात कापसाचा ढीग होताच. ढिगाकडे पाहत हिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, घरी तुम्ही कशावर निजता?"

"बाज हाय ना."

"बाजेवर काय टाकता?"

सासऱ्यांनी एकदम बैलाचा विषय काढला. नवा घेतलेला बैल डावीकडे कसा ओढतो, त्याची शिंगं कशी, खाणं कसं. जन्मात मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. ही ऐकत होती आणि तिचे डोळे भरत होते. तिलाही कळलं, मलाही कळलं. घरातला चांगला कापूस सगळा इकडे आला होता आणि बाप सुताच्या बाजेवर एक घोंगडी टाकून झोपत होता.

तिने पिंजाऱ्याला दुसरी खोळ शिवायला सांगितली. त्याबरोबर सासरे ताडकन उभे राहिले. "हे नाई चालत, बाई. आंदनात देल्लेलं बापानं वापस नेत नसते. गावात काय तोंड दाखवू?"

आता यात थट्टा नव्हती. लेकीकडे यायचं तर स्वतःची ज्वारी आणणारा हा माणूस. त्यांनी एकदा नाही म्हटलं की विषय संपला.

"मी कुठी वापस देऊन राहिली?" ही म्हणाली. "डॉक्टरनं सांगतलं. एकदा ऑपरेशन झालं का मंग घरी गेल्यावर बी याच कापसावर निजा लागते. दुसरा कापूस डोयाले चालत नाई." मग माझ्याकडे वळून, चेहऱ्याची सुरकुती न हलवता, "असंच बोलले ना हो डॉक्टर?"

मी तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं थापा मारतो आहे, पण कोणाच्या पाया पडावंसं वाटलं ते त्या दिवशी. कालपासून तिला सगळं ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं. "अगदी असंच."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटं लावून दाखवलं म्हणून त्यांनीच कालच्या थापेला साक्ष दिली होती. आता मागे कसे फिरणार? बराच वेळ ते उपरण्याचं टोक पिळत राहिले.

"बोलले असतीन," ते म्हणाले. "मले तवा कमी ऐकू आलं असन." आणि पुन्हा कडुलिंबाखाली जाऊन बसले.

ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना घरी आणलं आणि पलंगावर वीतभर उंचीच्या गादीवर उताणं निजवलं. गावाला न्यायची दुसरी गादी पलंगाशेजारी जमिनीवर टाकली, म्हणजे त्यांना काही लागलं तर हिला पटकन उठता यावं. दुपारी ही त्यांना भात भरवी आणि मग त्यांनी हलू नये म्हणून मी त्यांचं मन रमवी. एके दिवशी मी त्यांना आमच्या कचेरीत शिरलेल्या वाघाची गोष्ट सांगत होतो. वाघ आवक-जावक विभागाच्या दारात आला होता, मोठे साहेब टेबलाखाली होते, आणि मी हातात रूळ घेऊन पुढे सरकत होतो.

"जवाईबापू," सासरे हळूच म्हणाले.

"जी."

"बाईचा आवाज काहून येत नाई?"

मी खाली पाहिलं. भाताची ताटली बाजूला सरकवून ही शेजारच्या गादीवर आडवी झाली होती. एक हात उशाखाली, तोंड थोडं उघडं, आणि कंबर त्या सपाट गादीवर सरळ टेकलेली. कुशीवर वळताना ती कण्हली नाही. कित्येक महिन्यांत मी तिला असं पाहिलं नव्हतं.

"झोपली आहे," मी म्हटलं.

"कशावर?"

"तुमच्या गादीवर, मामाजी."

त्यांची हनुवटी थरथरू लागली. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी खरोखरच सांगितलं होतं. म्हणून मी घाईघाईने वाघाला पुढे घेतलं, त्याला डरकाळी फोडायला लावली, साहेबांचा चष्मा त्याच्या पंजाखाली आणला.

सासऱ्यांनी मान न हलवता एक हात वर केला.

"वाघाले जरासा थांबवा, बापू. तिची झोप मोडन."

वाघ कचेरीच्या दारातच थांबला. मीही थांबलो. खाली अंगणात नळाला पाणी आलं होतं, घागरी वाजत होत्या. मी उठून हळूच खिडकी लावून घेतली.